उणे चौदा

लाईट घालवून दाखवा, हे उज्ज्वलानंच सांगितलं होतं. सत्यमनं कागदावर लिहून दिलेल्या सात प्रश्नांतला तो पाचवा होता: कार्यक्रम चालू असताना लाईट गेली आणि परत आली, तर मिक्सरवर लावलेलं सगळं जागेवर राहतं का. पप्पूनं बोर्डातून पिन ओढली, चार आकडे मोजल्यासारखं केलं आणि परत खुपसली. पोळ्यांच्या डब्याएवढ्या त्या काळ्या पेटीवर निळा ठिपका लुकलुकला आणि थांबला. पेटीवर नुसती फिरवायची बटणं होती, एका ओळीत. आवाज वरखाली करायच्या पट्ट्या पेटीवर नव्हत्याच, त्या टॅबलेटच्या पडद्यावर होत्या. मिनिटभरानं त्या पडद्यावर उगवल्या आणि एकेक करून आपापल्या उंचीवर जाऊन बसल्या. प्रत्येक पट्टीखाली नाव होतं. ढोलक. कीबोर्ड. तिसऱ्या पट्टीखाली इंग्रजी अक्षरांत तिचं स्वतःचं नाव होतं, आणि ती पट्टी सगळ्यांत खाली होती.

"बगा ताई," पप्पू म्हणाला, "हालली का एक तरी? लाईट जाऊ द्या न्हाईतर आभाळ कोसळू द्या."

"ही पेटी कुणाची होती?"

"विठ्ठलरावांची. मागल्या म्हैन्यात मोठा मिक्सर नेला त्यांनी, ही बदल्यात दिली. जुनी हाय पर एक नंबर चालू हाय." मग त्याला आठवलं. "तुमीच गात होता न्हवं त्यांच्या बँडात?"

"होते," उज्ज्वला म्हणाली.

अकरा वर्षं गात होती. हळदीचे कार्यक्रम, जत्रा, उद्घाटनं, साखर कारखान्याचं मोळीपूजन. त्यातली शेवटची सहा वर्षं ही पेटी तिच्या डाव्या हाताला, पायऱ्यांपाशी, ऑपरेटर उत्तरेश्वरच्या टेबलावर असायची आणि तिनं ती कधी नीट पाहिली नव्हती, कारण धुळीसाठी उत्तरेश्वर तिच्यावर टॉवेल टाकून ठेवायचा आणि टॉवेलाखालचा त्याचा हात तेवढा दिसायचा. आज बीडच्या या दुकानात, बसस्टँडवरून येणाऱ्या रिक्षांच्या आवाजात, ती पेटी टॉवेलाशिवाय पाहताना तिला कुणाला तरी पहिल्यांदाच डोक्यावर पदर नसताना पाहिल्यासारखं झालं. राग आला नाही. राग यायला हवा होता का, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. आपली पट्टी सगळ्यांच्या खाली. ढोलक उणे तीनवर, कीबोर्ड उणे पाचवर, कोरसमधली शिवकन्या उणे सहावर आणि आपण उणे चौदावर. तिला एवढंच कळत होतं की पट्टी वर म्हणजे आवाज जास्त, खाली म्हणजे कमी, आणि एवढं कळण्यानं भागत होतं. चार महिन्यांपूर्वी तेलगावला, मोळीपूजनाच्या कार्यक्रमात, मध्यंतराच्या चहाला विठ्ठलराव कप हातात धरून म्हणाले होते, "उज्ज्वला, राग मानू नको. मागली माणसं उठून चाललीत. तुजा आवाज आता मागपर्यंत पोचत न्हाई. उरलेल्यात शिवकन्याला पुढं उभं राहू दे." शिवकन्या चोवीस वर्षांची, चांगली मुलगी. तिच्याबद्दल उज्ज्वलाला काही म्हणायचं नव्हतं. उरलेली चार गाणी ती मागं उभी राहून टाळ्या देत राहिली आणि सगळा वेळ एकच विचार करत राहिली की हे खरं आहे का. गाणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाण्यात मागे जाऊन उभं राहता येत नाही. बाकी सगळ्यांना येतं. चहावाल्यालाही येतं.

तिनं बँड सोडला. मागोमाग कीबोर्ड वाजवणारा सत्यमही निघाला आणि दोघांनी मिळून स्वतःचा बँड उभा केला, चार माईक, एक कीबोर्ड, एक ढोलक, एवढाच. पहिला कार्यक्रम शुक्रवारी होता आणि तोही तेलगावलाच, त्याच मैदानात. काल सत्यम कागदावर प्रश्न लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाला होता, "ताई, एक विचारू? शिवकन्या यायला तयार हाय. पहिली दोन-तीन गाणी तिला देऊ. तेलगावची माणसं हायती, तुमाला म्हाईत हाय." तिनं उद्या संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं. तो उद्या म्हणजे आज. मिक्सर कोणता घ्यायचा आणि पहिलं गाणं कुणी म्हणायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ती सकाळी घरातून निघेपर्यंत समजत होती.

"यात जुने कार्यक्रम असतील का?" तिनं विचारलं.

"हायती की. सगळे पुसून देतो, रिसेट मारला की कोरी पाटी."

"आधी दाखवा."

पप्पूनं यादी उघडली. उत्तरेश्वरनं प्रत्येक कार्यक्रमाला गावाचं नाव आणि सालाचे दोन आकडे दिले होते. नेकनूर १९. केज १९. मग एक मोठी फट, टाळेबंदीची. मग नेकनूर २१, मांजरसुंबा २२, धारूर २३, असं करत तेलगाव २४. एखाद्या गावावर बोट ठेवलं की पट्ट्या सरकून त्या दिवशीच्या जागांवर जात. ती एकेक करून बोट ठेवत गेली. नेकनूर १९ मध्ये तिची पट्टी उणे दोनवर होती, जवळजवळ सगळ्यांच्या वर. केजला तिथंच. टाळेबंदीनंतरच्या नेकनूरला उणे सहा. मग आठ, मग दहा, मग अकरा, शेवटी चौदा. बाकीच्यांच्या पट्ट्या थोड्याफार इकडंतिकडं झालेल्या, तिची मात्र विहिरीतल्या पाण्यासारखी सरळ खाली गेलेली. ती परत पहिल्यापासून पाहू लागली. तिला वाईट वाटण्यापेक्षा चमत्कारिक वाटत होतं, आपण झोपेत असताना कुणी आपली उंची मोजून भिंतीवर रेघा मारून ठेवाव्यात तसं. धारूरचा कार्यक्रम तिला चांगला आठवत होता. जरीची निळी साडी, पायापाशी तिरका ठेवलेला काळा मॉनिटर, त्यातून नडग्यांवर येणारी आवाजाची गरम हवा. गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून असतो तो छोटा स्पीकर. बाहेरच्या मोठ्या स्पीकरांची तोंडं माणसांकडे असतात, मॉनिटरचं तोंड आपल्याकडे. धारूरला तिचा आवाज मॉनिटरमधून असा भरून आला होता की शेवटच्या ओळीला तिचे स्वतःचेच डोळे ओले झाले. पडद्यावर धारूर उणे अकरा होतं. म्हणजे आपण आपल्याच आवाजात न्हाऊन निघत होतो आणि तिकडे बाहेर उणे अकरा चालू होतं. तिनं पप्पूला मॉनिटरचं पान उघडायला सांगितलं. तिथं तिची पट्टी सगळ्या गावांत एकाच जागी होती, अगदी वर, टेकलेली.

पहिल्या दोन गावांत माय होती. हे तिला यादीकडे बघताना एकाएकी सुचलं. टाळेबंदीच्या आधी माय, चंद्रभागाबाई, प्रत्येक कार्यक्रमाला यायची, टेम्पोत सामानाबरोबर बसून. पुढच्या खुर्च्यांवर ती कधी बसली नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आत ती गर्दीच्या पार मागे जाऊन उभी राहायची, जनरेटरपाशी, हातात घरून आणलेली काठी. नेकनूरच्या माळावर शेळ्या राखत तिचं आयुष्य गेलेलं. ओढ्याच्या पलीकडच्या शेळीला अलीकडून हाक मारायची आणि शेळीनं मान वर केली की हाक पोचली, हे तिचं आवाजाचं माप. लहानपणी उज्ज्वलाला ती ओढ्यापलीकडे उभी करायची आणि सांगायची, म्हण काय बी, आलं तर हात करते. उज्ज्वला म्हणायची, तिकडून हात वर व्हायचा. स्टेजवरही तेच चालू राहिलं. पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला उज्ज्वला सगळ्या डोक्यांवरून मागे बघायची, जनरेटरच्या दिव्यात बांगड्या भरलेला एक हात वर व्हायचा, आणि मग ती उरलेला कार्यक्रम मागे न बघता गायची. टाळेबंदीनंतर मायचे गुडघे गेले. टेम्पोत चढता येईना. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात, त्या उणे सहाच्या नेकनूरला, ओळ म्हणून झाल्यावर उज्ज्वलानं सवयीनं मागे पाहिलं होतं. तिथं जनरेटर होता. मग ती डावीकडे वळली आणि उत्तरेश्वरला बोटानं खूण केली, मॉनिटरकडे आणि मग वर. मला माझा आवाज दे. स्टेजवर ही खूण सगळे गायक करतात, तिच्यात विशेष काही नाही. ती नंतर किती वेळा केली हे तिला सांगता आलं नसतं.

"ताई, खरं सांगू का," पप्पू म्हणत होता, "ही घेऊच नका. हा बगा नवा. ह्याच्यावर खऱ्या पट्ट्या हायत, रंगीत. लांबून बी दिसतंय की काय तरी भारी आणलंय. माणसं आधी डोळ्यानं ऐकतात."

नव्या मिक्सरवर पट्ट्या खरंच सुंदर होत्या, आपोआप सरकणाऱ्या. तिनं त्याचं वजन उचलून पाहिलं. एसटीच्या रॅकमध्ये तो बसला नसता. सत्यमच्या कागदावरचा दुसरा प्रश्न वजनाचा होता आणि सहावा, पट्टीवाला टॅबलेट घेऊन ऑपरेटरला किती लांब जाता येतं, हा. जुन्या पेटीचं बरं हे की ऑपरेटरनं स्टेजपाशी बसायची गरजच नव्हती. पेटी तिकडे, टॅबलेट हातात, हवं तर शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहा आणि तिथून ऐकत पट्ट्या हलवा. उत्तरेश्वर कधी गेला नाही. त्याची खुर्ची पायऱ्यांपाशी, ती तिथंच. "आणि ही फिरवायची बटणं कशाची?" तिनं पेटीवरच्या ओळीवरून बोट फिरवत विचारलं. पप्पू म्हणाला, "गेन. माईकमधून आवाज आत किती घ्यायचा, ते ह्याच्यावर. पट्टी म्हंजे आत आलेल्यातला बाहेर किती सोडायचा. नळाला मागून कॉक असतो ना, तसं. पर हे हातानं लावायचं बरं का. पेटीच्या डोक्यात पट्ट्या राहत्यात, बटण राहत न्हाई." उज्ज्वलानं विचारलं, म्हणजे धारूरला हे बटण कुठं होतं ते कळणार नाही? "ते कसं कळंल ताई? ते आपरेटरच्या हाताला म्हाईत." म्हणजे पेटीला अर्धंच आठवत होतं. ती वाकून तिसऱ्या बटणाकडे पाहू लागली आणि तिला टिकली दिसली. मरून रंगाची, विटलेली, मधोमध बारीक खडा असलेली टिकली बटणाच्या कडेला पत्र्यावर चिकटलेली होती. ती तिची होती. उत्तरेश्वर कार्यक्रमाच्या आधी कधी कधी मेकअपच्या पडद्याआडून हात घालायचा, "उज्ज्वला, एक टिकली दे," आणि ती पाकिटातली एक काढून त्याच्या बोटावर ठेवायची. तो ती तबल्याला, माईकला किंवा देवाला लावत असेल, असं तिनं काही तरी धरून ठेवलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

तिनं दुकानातूनच त्याला फोन लावला. उत्तरेश्वरनंही विठ्ठलरावांना सोडलं होतं. तो आता नेकनूरला म्हशी बघत होता आणि फोनमध्ये त्याच्याआधी म्हैसच ऐकू आली.

"कोन? उज्ज्वला? आगं कवा आठवण आली."

"आण्णा, तुमची पेटी पप्पूच्या दुकानात आहे. मी बघतेय."

"पेटी चांगली हाय. घे. वायफाय गर्दीत जरा मान टाकतंय, तवा पेटी उंचावर ठिव."

"माझी पट्टी खाली का होती?"

त्यानं म्हशीला बाजूला हाकललं. मग तो म्हणाला, "पट्टी काय बघतीस? टिकली बघ, बटण कितीवर ठिवायचं त्याची खूण हाय ती. टिकली हाय का तिथं?"

"आहे."

"कितीवर?"

बटणाभोवती आकडे छापलेले होते. "छत्तीसच्या समोर."

"आता नखानं बाजूला खरवडून बघ. डाव्या हाताला जुन्या टिकल्यांचं चिकाट लागंल."

तिनं नख फिरवलं. चिकटाचे गोल ठसे होते, एकामागे एक, धूळ धरून काळे झालेले. सगळ्यांत डावीकडचा चोवीसपाशी. पप्पूही आता वाकून बघत होता.

"चोवीस," ती म्हणाली.

"मग कर की हिशेब. बटण बारानं वर, पट्टी बारानं खाली. भाईर किती गेलं?"

"तेवढंच."

"तेवढंच. तुजा आवाज कमी झाला असता तर म्या बटण चढवून पट्टी जागंवर ठिवली असती. पट्टी खाली घ्यावी लागली, कावून? आवाज व्हता म्हनून. मॉनिटर बटणावर चालतंय, ह्या पट्टीचा त्याला संबंध न्हाई. तू खूण करायची, मला दे, मला दे. मॉनिटरची पट्टी तर आधीच टेकलेली. मग म्या मुळातूनच चढवायचो आन् भाईरचं तितकंच खाली घ्यायचो. तू लई मागायची बाई."

"काय मागायचे?"

"सवताला," उत्तरेश्वर म्हणाला आणि म्हशीवर ओरडला. मग जरा हळू आवाजात: "आन् भाईरचं म्या कशाला वाढवू? तुजी माय मागं उभी राहून हात करायची ना, म्या बी तिकडंच बघायचो. मला खुर्चीवरून काय ऐकू येतंय? तिचा हात वर झाला की म्या पट्टी सोडायचो. शेवटच्या टायमाला केजला तिनं हात केला. तितकंच ठिवलं मग कायम. ती न्हाई म्हनून काय बदलायचं?"

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या ठशांवरून बोट फिरवत राहिली. बारा वर, बारा खाली. बाहेर सहा वर्षं सगळं तेवढंच होतं, वाढत होतं ते फक्त तिच्या पायापाशी, तिच्याकडे तोंड केलेल्या त्या काळ्या डब्यात. तिला एकदम हलकं वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. मागली माणसं उठून गेली असतील तर त्यांना बस पकडायची असेल. पण वर्तमानपत्रात बातमी वाचताना तिच्या मनात नेहमी येतं तसं आता आलं: हे सांगितलं कुणी, आणि त्याला कळलं कसं. उत्तरेश्वरला मायच्या हातावरून कळलं. तिलाही मायच्या हातावरूनच कळत होतं. म्हणजे विठ्ठलरावांच्या विरुद्ध साक्षीदार दोन नव्हते, एकच होता. तिनं पप्पूला विचारलं, पेटीत आवाज भरून घेता येतो का. येतो, पेनड्राइव्हवर. तिनं तिसऱ्या भोकात माईक लावला, बटण टिकलीसमोर आणलं, पडद्यावर तेलगाव २४ उघडलं, आणि दुकानात, हारीनं मांडलेल्या स्पीकरांच्या मध्ये उभी राहून देवीचं ते पद म्हटलं जे प्रत्येक कार्यक्रमात पहिलं असायचं. मॉनिटर नव्हता. सुरुवातीला तिला स्वतःचा आवाज नुसता हाडांतून आला, दाढांमधून, पाण्याखाली बोलल्यासारखा, आणि ती दुसऱ्या ओळीला सवयीनं डावीकडे वळून बोट वर करणार होती. तिथं पप्पू उभा होता, तोंड उघडं टाकून. पद संपल्यावर तो म्हणाला, "ताई, रिसेट मारू नको म्हणता का?" ती म्हणाली, नको. आणि दोन दिवस वापरून बघते, म्हणून पेटी मागितली.

दुपारी सत्यम त्याच्या ओम्नीत एक स्पीकर टाकून आला. रस्त्यात तो दोनदा म्हणाला की पेटी बघायला नेकनूरला कशाला जायचं, आणि एकदा, की शिवकन्याचा फोन आला होता. उज्ज्वलानं त्याला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत म्हटलंय ना. अजून ऊन आहे." माय गोठ्यापुढच्या बाजेवर बसून शेळ्यांना शेंगा टाकत होती. लेकीला बघून तिनं काठी उचलून दाखवली आणि सत्यमला म्हणाली, "आरं, तू वाळला की रं. बायकू करून घालत न्हाई का?" सत्यम लाजला. गावाकडच्या टोकाला, बांधाच्या उंचवट्यावर, त्यानं स्पीकर उभा केला, शेजारच्या खोपीतून लाईट घेतली. तेलगावच्या मैदानात स्टेजपासून जनरेटर नव्वद पावलांवर होता, हे दोघांनाही माहीत होतं. उज्ज्वलानं तिथून नव्वद पावलं मोजली तर ती बरोबर चारा कापायच्या कडबाकुट्टीपाशी आली, मायच्या बाजेच्या अलीकडे. हे मैदान तेलगावचं नव्हतं, स्पीकर विठ्ठलरावांचे नव्हते, ढोलक नव्हता, पाचशे माणसांचं अंग आवाज पिऊन टाकतं ते नव्हतं. तिनं हे सगळं मनात मांडून ठेवलं. तरीही मोजायचं असेल तर एवढंच हाताशी होतं. ती बांधावर परत गेली, माईक हातात घेतला आणि मायकडे तोंड करून उभी राहिली. अजून तिनं श्वास घेतला होता, गायला सुरुवात केली नव्हती, तेवढ्यात नव्वद पावलांवर बाजेवरून मायचा हात वर गेला.

सत्यम हसला. उज्ज्वला माईक खाली ठेवून चालत बाजेपाशी गेली.

"माय, मी अजून म्हटलंच न्हाई. हात कशाला केलास?"

"उभी राहिलीस म्हनून."

"तिकडं कार्यक्रमात जनरेटरपाशी उभी राहायचीस तेव्हा?"

"तवा काय?"

"ऐकू यायचं का?"

"आगं, त्या घरघरीम्होरं काय ऐकू यायचं? माजं मला ऐकू यायचं न्हाई." माय शेंगा निवडत राहिली. "तू त्वांड उघडायचीस, म्या हात करायची. तू लांबून अशी बघायचीस, ओढ्यापल्याडून बघायचीस तशी. हात न करून सांगू कुनाला?"

"मग तिथंच कावून उभी राहायचीस? पुढं यायचं की."

"तितं दिवा व्हता. हात दिसायला नको तुला?"

उज्ज्वला बाजेच्या काठावर बसली. तिला हसू येत होतं आणि पायरी चुकल्यासारखंही होत होतं. म्हणजे सहा वर्षं एका पेटीतली एक पट्टी, एका बटणाभोवतीच्या सहा टिकल्या, बारा वर आणि बारा खाली, उत्तरेश्वरचा तो चोख हिशेब, हे सगळं एका हातावर टांगलेलं होतं आणि त्या हाताला काहीच ऐकू येत नव्हतं. ओढ्यापलीकडे तरी यायचं का? वारा तिकडून इकडे असायचा तेव्हा? तिला हे आता विचारावंसं वाटलं आणि तिनं विचारलं नाही. त्या ओढ्याच्या काठावर उभी राहून ती गायला शिकली होती, तो तेवढा राहू द्यावा. पण तेलगावचं तिला ठेवता येत नव्हतं. विठ्ठलराव बरोबर होते का चूक, हे आता पहिल्यापासून मोजायला हवं होतं, आणि पहिल्यांदाच तिला ते मोजायची भीती वाटत नव्हती. कानात काही गेलं की ते काय आहे हे बघायची जशी घाई होते तशी घाई होत होती.

ती सत्यमपाशी गेली. "पेनड्राइव्हवर सकाळचं पद आहे. ते लाव. भरून घेतानाच त्यात उणे चौदा लागलंय, आता पट्टी शून्यावर ठेव, म्हणजे तेलगावला जेवढं बाहेर गेलं तेवढंच जाईल. टॅबलेट माझ्याकडे दे. मी तिकडं जाते."

"आन् तुमी गाणार न्हाई?"

"मी ऐकणार. पोचलं तर हात करते. हात केला तर शिवकन्याला फोन करू नकोस."

"आन् न्हाई केला तर?"

"तर कर."

कडबाकुट्टीपाशी जाऊन तिनं मायला विचारून बटण दाबलं. पातं घरघरायला लागलं, दोन शेळ्या दचकून बाजूला झाल्या. जनरेटर याहून वाईट असतो, तिनं मनाशी नोंद केली, पण फार नाही. बांधावर सत्यमनं वाकून स्पीकर चालू केला आणि तो मागे झाला. काही नाही. नुसतं पातं. मग त्या घरघरीच्या वरून, फार लांबून, एक बाई गात असल्याचं तिला कळलं, आणि ती बाई आपण आहोत हे कळायला आणखी एक ओळ जावी लागली. तो दाढांमधला आवाज नव्हता, मॉनिटरमधला तो भरून येणारा गरम आवाजही नव्हता. बारीक, कोरडा, सरळ आवाज होता, कुणाच्याही ओळखीचा नसलेला. ओळीची सुरुवात येत होती. शेवटचा शब्द मात्र प्रत्येक वेळी पात्यात जाऊन पडत होता, कडब्यासारखा. एक ओळ, दोन ओळी. ती मान तिरकी करून ऐकत राहिली. विठ्ठलराव खोटं बोलले नव्हते. मागल्या माणसांना ओळी अर्ध्याच मिळत होत्या, आणि अर्ध्या ओळीसाठी माणूस किती वेळ उभा राहील? आणि आवाज गेलेला नव्हता. तो तिथं होता, कमी सोडलेला. तिनं टॅबलेटवर पट्टीवर बोट ठेवलं. एक. दोन. शेवटचा शब्द अजून पडत होता. तीन. चार. पाचला तो शब्द पात्याच्या वरून अलगद पलीकडे आला, पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट. तिनं सहा करून पाहिलं, मग परत पाचावर आणलं. उणे चौदाचं उणे नऊ. पाच कमी होतं, एवढंच. सहा वर्षं पाच कमी होतं.

पदाचं तिसरं कडवं चालू होतं. बाजेवर मायनं शेंगा निवडायचं थांबवलं आणि मान वर केली. तिनं बांधाकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरून, मग शेजारी टॅबलेट घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडे, मग परत बांधाकडे.

"कोन गं ती?" ती म्हणाली. "बरं म्हनतीय."

बांधावरून सत्यम तोंडाभोवती हात धरून काही तरी ओरडून विचारत होता. त्यातलं एक अक्षरही इथं येत नव्हतं. उज्ज्वलानं टॅबलेट डाव्या हातात घेतला, कडवं पुरं होऊ दिलं, आणि उजवा हात, मायच्या डोक्यावरून, जेवढा जाईल तेवढा वर केला.